ईआरपीतून क्लाउडच्या क्यूमध्ये इव्हेंट पाठवताना मेसेज नेमका कुठे गळतो

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत एकदा परत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. तुमच्याकडे एसएपी एस/४ हाना, म्हणजे ऑर्डर, साठा, हिशेब सांभाळणारी ईआरपी, स्वतःच्या सर्व्हरवर आहे, सेल्स ऑर्डर तिथे तयार होतात आणि बदलतात, पोर्टल आणि गोदामाचं ॲप मात्र ॲझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे. सध्या रात्री एक सीएसव्ही जाते, आणि दिवसभर दोन्ही ॲप्स दर पाच मिनिटांनी "काही बदललं का" म्हणून ईआरपीला विचारत बसतात, त्यामुळे बेसिसवाले, म्हणजे एसएपीच्या सिस्टीम सांभाळणारे, वैतागलेत. आता ऑर्डर बदलली की लगेच सर्व्हिस बसवर, म्हणजे ॲझूरच्या मेसेजच्या रांगेवर (क्यूवर), मेसेज पडायला हवाय. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणारा मधला, कुठला घ्यायचा, मेसेजमध्ये अख्खी ऑर्डर टाकायची की नुसता नंबर, आणि एकही मेसेज हरवणार नाही याची खात्री कशी मिळवायची.

मी उलट्या क्रमाने जातो, कारण मेसेज कुठे हरवतो हे कळलं की बाकीच्या दोन्हीची उत्तरं जवळजवळ आपोआप येतात. माझ्या अनुभवात ब्रोकरच्या आत मेसेज हरवत नाही. सर्व्हिस बस, ॲमेझॉनचं एसक्यूएस, काफ्का, गूगलचं पब/सब, कुठलंही घ्या, एकदा त्याने "मिळाला" म्हणून सांगितलं की मेसेज साधारणपणे सुरक्षित असतो. गळती होते ती दोन टोकांना. एक, ईआरपीचा कमिट (डेटा पक्का लिहिला जाणं) आणि पहिला मेसेज यांच्या मधल्या फटीत. दोन, घेणाऱ्या ॲपच्या कोडमध्ये, जिथे मेसेज मिळतो पण काम अर्धवट होतं. मीटिंगमध्ये मात्र सगळा वेळ मधल्या डब्यावर जातो, कारण त्याचं चित्र काढायला सोपं आहे.

पहिलं टोक बघू. बऱ्याच ठिकाणी अजूनही असं दिसतं की कोणीतरी ऑर्डर सेव्ह करतानाच्या यूजर एक्झिटमध्ये, म्हणजे एसएपीने स्वतःचा कोड घालायला ठेवलेल्या जागी, थेट एचटीटीपी कॉल टाकलेला असतो. दिसायला काम होतं, ऑर्डरचा नंबर तिथे मिळालेला असतो, कॉल जातो, सर्व्हिस बसवर मेसेज दिसतो, डेमो छान होतो. पण त्या क्षणी ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिलेलीच नसते, कमिट नंतर होतो आणि खरं लिखाण अपडेट टास्कमध्ये होतं. आता गोदामाचं ॲप चपळ आहे, त्याने मेसेज उचलला, नंबर घेऊन ओडेटावर, म्हणजे ईआरपीतला डेटा वेबवरून वाचायच्या वाटेने, विचारलं की ही ऑर्डर दे, आणि उत्तर आलं ४०४, अशी ऑर्डरच नाही. दोन सेकंदांनी तीच ऑर्डर व्यवस्थित मिळते. डेव्हलपर म्हणतो "माझ्याकडे तर चालतंय", कारण तो हाताने तपासेपर्यंत कमिट झालेला असतो. आणि याहून वाईट म्हणजे अपडेट फेल झाला, एसएम१३ मध्ये (फेल झालेले अपडेट दाखवणारी स्क्रीन) लाल ओळ आली, तर जगाला अशा ऑर्डरची बातमी गेली जी कधी जन्मलीच नाही. उलटही होतं, म्हणजे ऑर्डर सेव्ह झाली पण त्या क्षणी नेटवर्क गेलं आणि कॉल पडला, मग ऑर्डर आहे पण बातमी नाही, आणि ते कोणाला कळतही नाही.

म्हणून नियम एकच की इव्हेंट हा त्याच ट्रान्झॅक्शनचा भाग असला पाहिजे ज्यात धंद्याचा डेटा लिहिला जातो, दोन्ही राहतील नाहीतर दोन्ही जातील. तुमच्या केसमध्ये यासाठी स्वतः काही लिहायची गरज बहुतेक नाहीये, एस/४ मध्ये सेल्स ऑर्डरचे तयार बिझनेस इव्हेंट येतात, ते वापरा. स्वतः बनवलेल्या झेड ऑब्जेक्टसाठी रॅप, म्हणजे एसएपीची नवी प्रोग्रॅमिंग पद्धत, वापरत असाल तर इव्हेंट सेव्ह सिक्वेन्समध्ये रेझ करा, तो कमिटबरोबरच बाहेर पडतो. रॅप नाही, जुनाच कोड आहे, तर सरळ एक झेड टेबल करा, ऑर्डर लिहिणाऱ्याच एलयूडब्ल्यूमध्ये, म्हणजे एसएपीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये, त्यात एक ओळ टाका, आणि वेगळा जॉब ती ओळ वाचून पाठवेल आणि ब्रोकरने होकार दिल्यावरच "पाठवलं" अशी खूण करेल. याला आउटबॉक्स म्हणतात. त्यात जॉबच्या वेळेइतका उशीर येतो, पण मिनिटभराच्या उशिराने कोणाचा धंदा बुडाल्याचं मी पाहिलं नाही, आणि "लगेच"चा अर्थ विचारला की बिझनेसवाले स्वतःच म्हणतात की पाच मिनिटंसुद्धा चालतील.

तयार इव्हेंट वापरताना एक गंमत होते ती आत्ताच सांगतो, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. ईआरपीतून इव्हेंट बाहेर नेणारा चॅनल बनवला, कनेक्शन टेस्ट हिरवी, तरी काहीच येत नाही. कारण चॅनलला आउटबाउंड बाइंडिंग जोडावं लागतं, म्हणजे कुठल्या टॉपिकचे (विषयाचे) इव्हेंट या चॅनलने न्यायचे ते सांगावं लागतं, त्याशिवाय एकही इव्हेंट हलत नाही आणि कुठे एररही येत नाही. आणि अडकलेले मेसेज ब्रोकरमध्ये शोधू नका, आधी ईआरपीच्याच बीजीआरएफसी मॉनिटरमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कॉलच्या रांगेत, बघा. जुने आयडॉकवाले, म्हणजे एसएपीच्या स्वतःच्या मेसेज साच्यातले, इंटरफेस असतील तर एसएम५८ आणि डब्ल्यूई०२ या स्क्रीन आहेतच.

आता पेलोड, म्हणजे मेसेजमध्ये काय टाकायचं. स्टँडर्ड इव्हेंट बहुतेक वेळा नोटिफिकेशन स्वरूपाचा असतो. उघडून बघितलात तर क्लाउडइव्हेंट्स या प्रमाणित साच्यातली पाच-सहा फील्ड्स दिसतील, आयडी, सोर्स, टाइप, वेळ वगैरे, आणि डेटामध्ये जवळजवळ फक्त ऑर्डरचा नंबर. पहिल्यांदा बघणारा नाराज होतो की एवढंच? पण मला हे आवडतं आणि तुमच्या केसमध्ये मी हेच सुचवेन. कारण घेणारा ॲप नंबर घेऊन ईआरपीकडून ताजी ऑर्डर वाचतो, त्यामुळे दोन मेसेज उलटसुलट क्रमाने आले तरी फरक पडत नाही, दोन्ही वेळा आत्ताचीच स्थिती मिळते. शिवाय ऑर्डरमध्ये ग्राहकाचं नाव, पत्ता, भाव, सवलत सगळं असतं, आणि ईआरपीत कोणी काय बघायचं याचे रोल्स आखलेले असतात, ते रोल्स टॉपिकवर येत नाहीत. अख्खी ऑर्डर टॉपिकवर टाकली की ज्याला सबस्क्रिप्शन मिळालं त्याला सगळं दिसलं, सिक्युरिटीवाल्यांनी हे विचारलं तर उत्तर काय देणार? साइजचाही प्रश्न आहे, सर्व्हिस बसच्या स्टँडर्ड टियरमध्ये एक मेसेज २५६ केबीपर्यंतच चालतो, आणि शेकडो लाइन आयटम असलेली एखादी ऑर्डर येतेच कधीतरी, तीही महिन्याच्या शेवटच्या दिवशी.

पण हे परिस्थितीवर आहे, आंधळेपणाने घेऊ नका. दोन ठिकाणी नुसता नंबर पाठवणं महागात पडतं. पहिलं, ज्याला मधल्या सगळ्या स्थिती हव्यात त्याला, म्हणजे ऑडिट किंवा ॲनालिटिक्स, कारण ऑर्डर तीनदा बदलली आणि ॲपने तिसऱ्या बदलानंतर वाचली तर मधले दोन बदल त्याला कधीच दिसणार नाहीत. अशांना डेटासकट इव्हेंट द्या, आणि त्यांच्यासाठी सर्व्हिस बसऐवजी काफ्का किंवा ॲझूरचं इव्हेंट हब्स बरं, कारण सर्व्हिस बसमध्ये मेसेज एकदा कम्प्लीट (काम झालं म्हणून बंद) केला की गेला, मागे जाऊन परत वाचता येत नाही. दुसरं, मास चेंज. रात्री कोणीतरी किमती बदलायचा जॉब चालवतो, पन्नास हजार ऑर्डरना हात लागतो, पन्नास हजार इव्हेंट निघतात आणि दोन्ही ॲप्स मिळून एक लाख ओडेटा कॉल करतात. ज्या लोडपासून सुटायला हे सगळं केलं तोच लोड आता दसपट होऊन परत येतो, आणि तोही एकाच वेळी. म्हणून कन्झ्युमरची, म्हणजे मेसेज घेणाऱ्या वर्करची, एका वेळची संख्या बांधून ठेवा, चार-सहाच्या वर जाऊ देऊ नका, क्यू वाढली तर वाढू दे, क्यू त्यासाठीच असते. आणि एकाच ऑर्डरचे थोड्या वेळात पाच मेसेज आले तर ते एकत्र करून एकदाच वाचा. मी साधारण असं करतो की नंबर एका छोट्या टेबलमध्ये "बाकी" म्हणून टाकायचा, आधीच असेल तर परत टाकायचा नाही, आणि वेगळा वर्कर ते टेबल उपसतो. वर्करने "बाकी"ची खूण आधी काढायची आणि मग ऑर्डर वाचायची, उलट केलं तर वाचन चालू असताना झालेला बदल निसटतो. मधेच वर्कर पडला तर अर्धवट नंबर परत "बाकी"त जायला हवेत, तेवढी सोय ठेवा.

दुसऱ्या टोकाकडे येऊ, म्हणजे घेणारा ॲप. इथे गृहीतच धरा की मेसेज दोनदा येणार. डिलिव्हरी किमान एकदा अशी असते, त्याचा अर्थ कधीकधी दोनदा. सर्व्हिस बसमध्ये मेसेज उचलला की त्यावर लॉक लागतं, ते जास्तीत जास्त पाच मिनिटांचं ठेवता येतं, त्यात काम आटपलं नाही आणि लॉक रिन्यूही केलं नाही तर तोच मेसेज दुसऱ्या वर्करला मिळतो आणि आता दोघंही तेच करतायत. लोक म्हणतात आम्ही डुप्लिकेट डिटेक्शन चालू केलंय. ते पाठवणाऱ्याने तोच मेसेज आयडी परत पाठवला तर पकडतं, डीफॉल्ट दहा मिनिटांच्या खिडकीत, लॉक सुटल्यामुळे झालेली दुसरी डिलिव्हरी त्यात येतच नाही. आणि ईआरपीने एकाच बदलासाठी दोन वेगळे इव्हेंट काढले तर त्यांचे आयडी वेगळे असतात, तेही सुटतात. म्हणून शेवटची तपासणी धंद्याच्या डेटावरच हवी. ताजी ऑर्डर वाचा, तिची शेवटच्या बदलाची वेळ तुमच्याकडे साठवलेल्या वेळेशी ताडा, पुढची नसेल तर काही न करता मेसेज संपवा. चार ओळींचा कोड आहे, पण त्याने डुप्लिकेट, उलटा क्रम आणि प्रतिध्वनी तिन्ही एकदम सुटतात. प्रतिध्वनी म्हणजे, गोदामाच्या ॲपनेच ऑर्डर बदलली, त्याचा इव्हेंट निघाला, तो फिरून गोदामाच्या ॲपकडे आला आणि त्याने परत ऑर्डर अपडेट केली. इव्हेंटमध्ये कोणी बदललं ते नसतं, त्यामुळे हे चक्र फरक बघूनच थांबवावं लागतं.

क्रम खरंच लागत असेल, म्हणजे डेटासकट इव्हेंट असतील, तर सेशन, म्हणजे एका आयडीचे मेसेज क्रमाने देणारी सोय, वापरा आणि सेशन आयडी म्हणून ऑर्डरचा नंबर द्या. प्लांट किंवा कंपनी कोड देऊ नका, सगळी गर्दी एकाच रांगेत लागते आणि एक मेसेज अडकला की अख्खा प्लांट अडकतो. आणि हे आधी ठरवा, कारण सेशन आणि डुप्लिकेट डिटेक्शन दोन्ही क्यू बनवतानाच चालू करावे लागतात, नंतर बदलता येत नाहीत, क्यू नव्याने बनवावी लागते.

एररच्या बाबतीत लोक सगळ्या चुका एकाच पोत्यात टाकतात, म्हणून यावर जरा थांबतो. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीये पण गोदामाकडून परत ईआरपीत काही लिहायचं असणारच, आणि तिथे हे जास्त बोचतं. समजा ऑफिसमध्ये कोणीतरी ऑर्डर व्हीए०२ मध्ये (ऑर्डर बदलायची स्क्रीन) उघडून ठेवली आणि चहाला गेला, तुमचा मेसेज आला, आणि ईआरपी म्हणाला की ऑर्डर अमुक यूजरकडे लॉक आहे. ही तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने परत प्रयत्न केला की जाईल. पण कोडने लगेच अबँडन केलं, म्हणजे मेसेज क्यूला परत दिला, तर मेसेज तत्क्षणी परत येतो, सर्व्हिस बसचा डीफॉल्ट डिलिव्हरी काउंट दहा आहे, आणि माणूस परत यायच्या आत दहाही प्रयत्न संपून मेसेज डेड लेटरमध्ये, म्हणजे न जमलेल्या मेसेजच्या क्यूत, पडलेला असतो. त्यामुळे अशा एररला मेसेज पुढच्या वेळेसाठी शेड्यूल करून परत टाका, आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा. "मटेरियल या प्लांटला अस्तित्वात नाही" असली एरर आली तर मात्र शंभरदा प्रयत्न करून उपयोग नाही, ती सरळ बाजूला काढा आणि माणसाला दाखवा. तिसरा प्रकार सगळ्यात डेंजर, टाइमआउट. नवीन ऑर्डर तयार करायला पाठवली, उत्तर आलं नाही, झाली की नाही माहीत नाही. परत पाठवली तर दोन ऑर्डर. यासाठी बाहेरचा आयडी ग्राहकाच्या पीओ (खरेदी ऑर्डर) नंबरच्या फील्डमध्ये किंवा तत्सम जागी ठेवायचा आणि परत पाठवण्याआधी त्या आयडीची ऑर्डर आहे का ते विचारायचं.

डेड लेटर क्यूला मालक पाहिजे. तिथले मेसेज आपोआप जात नाहीत, कोणी काढेपर्यंत पडून राहतात, आणि कोणी बघतच नसेल तर "मेसेज हरवला" अशी तक्रार येते तेव्हा तो तिथेच महिनाभर बसलेला सापडतो. मालक आयटीचा नको, ऑर्डर डेस्कचा असावा, कारण नव्वद टक्के वेळा दुरुस्ती मास्टर डेटात असते. नव्वद टक्के हा आकडा मोजलेला नाही, बोलण्याच्या ओघात आला, पण ज्यांनी ही क्यू सांभाळलीये ते मान डोलावतील.

आणि आता ती गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय की नवीन सिस्टीम चालू झाली की रात्रीची सीएसव्ही बंद करणार. बंद करू नका, तिचं काम बदला. आता तिने डेटा न्यायचा नाही, हिशेब तपासायचा. काल बदललेल्या सगळ्या ऑर्डरचे नंबर आणि शेवटच्या बदलाची वेळ, एवढे दोनच कॉलम काढा, दोन्ही ॲप्सनी आपल्या डेटाशी ताडून बघायचे, आणि जी ऑर्डर मागे राहिलीये तिचा नंबर त्याच "बाकी" टेबलमध्ये टाकायचा. तो पुढे नेहमीच्याच वाटेने जातो, वेगळा कोड लागत नाही. तुमच्या "एकही हरवणार नाही" याचं खरं उत्तर हे आहे. कुठलाही ब्रोकर, कितीही पैसे मोजा, ईआरपीत कोणी चॅनल चुकून डीॲक्टिव्हेट केला किंवा एखाद्या प्रोग्रॅमने टेबल थेट अपडेट करून इव्हेंटच काढला नाही, हे पकडू शकत नाही. रोजचा ताळा पकडतो. आणि रोज किती नग सापडतात त्याचा आलेख ठेवा, शून्यावरून एकदम चाळीसवर गेला तर काहीतरी बदललंय.

पहिल्या दिवशीचा लोड हाही असाच राहून जाणारा मुद्दा. इव्हेंट फक्त आजपासूनच्या बदलांचे येतात, आधीच्या उघड्या ऑर्डर ॲपमध्ये कुठून येणार? क्रम असा ठेवा: आधी सबस्क्रिप्शन चालू करून मेसेज साठू द्या, मग एकगठ्ठा जुना डेटा भरा, आणि शेवटी साठलेले मेसेज सोडा. लोक आधी डेटा भरतात आणि मग सबस्क्रिप्शन लावतात, मधल्या तासाभरातले बदल कुठेच नसतात. मेसेज साठवताना क्यूचा टाइम टू लिव्ह (मेसेज किती वेळ टिकतो) तेवढा आहे ना ते मात्र बघून घ्या.

मग ब्रोकर कुठला? तुम्ही ॲझूरवर आहात, कागदपत्रं स्वरूपाचे मेसेज आहेत, रिट्राय, डेड लेटर, शेड्यूलिंग लागतंय, तर सर्व्हिस बस घ्या, टॉपिक आणि दोन सबस्क्रिप्शन्स, विषय संपला. बेसिक टियर घेऊ नका, त्यात टॉपिकच नाहीत. एसएपीच्या बाजूने इव्हेंट आधी बीटीपीवरच्या, म्हणजे एसएपीच्या क्लाउडवरच्या, इव्हेंट मेश या ब्रोकरमध्ये येतील आणि तिथून इंटिग्रेशन सूटमधून सर्व्हिस बसला जातील, दोन्ही एएमक्यूपी हा प्रोटोकॉल बोलतात त्यामुळे जोडणी अवघड नाही. दोन ब्रोकर कशाला असा प्रश्न पडेल, पण मधला टप्पा वाचवण्यासाठी एबॅपमध्ये (एसएपीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) स्वतःचा क्लायंट लिहिणं हे पुढे सांभाळायला जास्त महाग जातं. लायसन्सचं मात्र तुमच्या करारावर आहे, ते आधी विचारा. तुमच्याऐवजी कोणी डायनॅमिक्स ३६५ फायनान्सवाला (मायक्रोसॉफ्टची ईआरपी) हे वाचत असेल तर त्याच्याकडे बिझनेस इव्हेंट्स थेट सर्व्हिस बसला जोडता येतात. आणि सेल्सफोर्सवाल्यांनी लक्षात ठेवा की इव्हेंट ७२ तासच राहतात, शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेला कन्झ्युमर मंगळवारी चालू केला तर भोक पडलेलंच असतं, मग परत तो ताळाच कामी येतो.

मॉनिटरिंगमध्ये क्यूत किती मेसेज आहेत यापेक्षा सगळ्यात जुना मेसेज किती वेळचा आहे हे बघा. पाच हजार मेसेज असून सगळे मिनिटभरापूर्वीचे असतील तर काळजी नाही, एकच मेसेज असून तो सहा तासांचा असेल तर आहे. एसक्यूएसमध्ये हा आकडा तयार मिळतो, सर्व्हिस बसमध्ये पीक करून (न उचलता डोकावून) पहिल्या मेसेजची क्यूत आल्याची वेळ काढावी लागते, छोटं फंक्शन लिहा.

अजून एक, हे बेसिसवाल्यांना आजच सांगून ठेवा. प्रॉडक्शनची कॉपी करून टेस्ट सिस्टीम ताजी करतात तेव्हा चॅनलचं कॉन्फिगरेशनही सोबत येतं. टेस्ट सिस्टीम उठते आणि खऱ्या टॉपिकवर इव्हेंट मारायला लागते. टेस्टर गंमत म्हणून ऑर्डर कॅन्सल करतो, नंबर खरा असतो, आणि गोदामाचं ॲप खऱ्या ऑर्डरची पिकिंग लिस्ट थांबवतं. नुसता नंबर पाठवून परत वाचायची पद्धत असेल तर ॲप प्रॉडक्शनमधूनच वाचेल, त्यामुळे बऱ्याच अंशी वाचाल, डेटासकट इव्हेंट असतील तर नाही. कॉपीनंतरच्या चेकलिस्टमध्ये चॅनल बंद करणं पहिल्या ओळीत हवं, आणि ॲपनेही मेसेजमधला सोर्स तपासून अनोळखी सिस्टीमचा मेसेज डेड लेटरला टाकायला हवा.

रोज साधारण किती ऑर्डर बदलतात आणि मास चेंजचे जॉब कधी चालतात ते कळवलंत तर कन्झ्युमरची संख्या आणि लॉकची वेळ किती ठेवायची ते सांगता येईल. आणि सुरुवात गोदामाच्या ॲपपासून करू नका, पोर्टलपासून करा, तिथे चूक झाली तर स्क्रीनवर जुना स्टेटस दिसतो, माल चुकीच्या ट्रकमध्ये चढत नाही.